बेल वाजली नाही तर

आमच्या गल्लीत भांडण लागलं की कोणी देवाची शपथ घालत नाही. "चल राजकुंवरकाकीकडे," एवढंच म्हणतात. नळावर पहिली घागर कोणाची होती, चेंडूनं काच कोणी फोडली, सगळ्याचा निकाल काकीच्या ओट्यावर लागतो. दोंडाईचा स्टेशनावरून बाजाराकडे निघालात की उजव्या हाताला आमची गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशीच तो ओटा. ती माझी सख्खी काकी, पण त्याचा मला काडीचा फायदा नाही. मी दुकानाची भिंत नवी बांधली तेव्हा शेजाऱ्यानं तक्रार केली, आणि काकीनं भर गल्लीत सांगून टाकलं, "कुंदन, वीतभर पुढे आलास तू." भिंत पाडावी लागली. आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी तिनं दालबाटी पाठवली, मग बोललो.

अशी ही बाई आयुष्यात एकदा खोटं बोलली. मी सायकलचं दुकान चालवतो, लिहिणं हा माझा धंदा नाही. पण त्या एका खोट्यापायी जे झालं ते पेपरात छापलं तसं झालेलं नाही, आणि ते वाचून माझं डोकं अजून फिरतं, म्हणून बसलो लिहायला.

काकी राजस्थानातल्या पालीजवळच्या खेड्यातून सतराव्या वर्षी लग्न होऊन इथं आली. मराठी यायच्या आधी तिला अहिराणी आली, भाजीवाल्या बायकांकडून, आणि ती अजून तीच बोलते. काका जाऊन पंधरा वर्षं झाली. मुलगी मुस्कान इंदूरला सासरी. पहाटे उठायचं, सामायिकाला म्हणजे ध्यान-जपाला बसायचं, उकळलेलं पाणी गाळून ठेवायचं, उजाडायच्या आत ओट्यावर येऊन बसायचं. सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही. खोटं न बोलण्याचं व्रत तिनं काका असतानाच घेतलं होतं, आणि आम्ही तिला त्यावरून छळायचो. पाहुण्यांना "घाईत होतो म्हणून आलो नाही" एवढंसुद्धा तिला म्हणता यायचं नाही. "मन नही व्हतं," म्हणून मोकळी व्हायची.

काकीच्या भिंतीला भिंत लावून भिकाभाऊचं घर. भिकाभाऊ रेल्वेत ट्रॅकमन, बायको भागाबाई, आणि एक मुलगी प्रज्ञा. त्यांनी घर घेतलं तेव्हा आमच्या जैन समाजातल्या काहींनी नाकं मुरडली. खोटं कशाला बोलू, माझंही जरा मुरडलं होतं. काकीनं पहिल्याच दिवशी भागाबाईला विचारलं, "तुमना नळले पानी येस का?" येत नव्हतं. तेव्हापासून दोन्ही घरांचं पाणी एकाच नळाचं, आणि नऊ वर्षांची प्रज्ञा दिवसभर काकीच्या ओट्यावर, तिला अक्का म्हणत.

तिला पहिली सायकल मीच विकली, जुनी, मागचा ब्रेक नसलेली. त्या सायकलवर ती शाळेच्या आधी शिंदखेड्याला जाऊन परत यायची. मला वाटायचं मामाकडे जात असेल. एक दिवस विचारलं तर म्हणे, "नाही कुंदनभाऊ, नुसती जाते आणि येते." तिथून पुढं तिचं वेड वाढत गेलं आणि माझंही. बाविसाव्या वर्षी तिनं राष्ट्रीय स्पर्धेत एकटीनं घड्याळाविरुद्ध सायकल पळवायच्या शर्यतीत तिसरा नंबर काढला, आणि पुण्याच्या एका व्यावसायिक संघानं तिला पगारावर घेतलं. खान्देशातली पोर, पगार सायकल चालवायचा! मी दुकानात पेढे वाटले, गल्लीतल्या रुपचंदनं दोनदा घेतले.

रोज पहाटे पाचला ती निघायची. काकी तिची बाटली भरून द्यायची, उकळून गार केलेलं पाणी, लिंबू, साखर, चिमूटभर सैंधव. प्रज्ञाच्या घरी अंडी शिजतात हे काकीला ठाऊक होतं. त्या वेळी ती भिंतीकडे पाठ करून बसायची आणि म्हणायची, "तिना पायस्ले लागत व्हई." मग बाटली सायकलच्या दांडीवरच्या पिंजऱ्यात बसल्याचा आवाज, आणि गल्लीतून बाहेर जाणाऱ्या मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलची टिकटिक. काकीचा दिवस त्या टिकटिकीनं सुरू व्हायचा.

पदक मिळालं आणि त्याबरोबर एक फॉर्म आला. मोठ्या खेळाडूंना रोजचा एक तास लिहून द्यावा लागतो: या तासात मी इथं सापडेन. तपासणीवाले न सांगता येतात, लघवी घेतात, रक्त घेतात, कोणी औषध घेऊन पळतंय का ते बघतात. बारा महिन्यांत तीनदा चुकामूक झाली तर औषध घेतल्यासारखीच शिक्षा. प्रज्ञानं साडेपाच ते साडेसहा हा तास लिहिला आणि सराव साडेसहानंतर नेला. दोन चुका तिच्या झाल्या. एकदा यावलकडे सातपुड्याच्या चढावर सरावाला गेली, रेंज नव्हती, फॉर्म वेळेत गेला नाही. दुसऱ्यांदा जळगावचं शिबिर दोन दिवसांनी लांबलं आणि ती पत्ता बदलायला विसरली. त्या दोन चुका ती कधी नाकारत नाही. तिसरी चूक तिची नव्हती.

मे महिन्यातला रविवार. शिंदखेड्याला प्रज्ञाच्या मामेबहिणीचं लग्न. भिकाभाऊ आणि भागाबाई आदल्या दिवशीच गेले. प्रज्ञा त्या एका तासासाठी मागं राहिली. साडेसहा वाजले की सायकल काढायची आणि हळद लागायच्या आत मांडवात पोहोचायचं, असं तिचं ठरलं होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळे गच्चीवर झोपतात, तीही तिथंच झोपली. पहाटे लाइट गेली. खालच्या दाराची थाप गच्चीवर ऐकू जात नाही, आणि बेल मुकी झाली.

त्याआधी महिनाभर वेगळाच ताप होता. प्रज्ञाचा फोटो पेपरात आल्यापासून मोटारसायकलवरची टवाळ पोरं "सायकलवाली कुठं राहते" विचारत गल्लीत घिरट्या घालायची. भिकाभाऊ काकीला हात जोडून म्हणाले होते, "काकी, आम्ही घर नही ऱ्हातस. पोरकडे ध्यान ठेवज्या." तर त्या पहाटे, पावणेसहाला, एक अनोळखी माणूस आणि एक बाई हातात पेटी घेऊन भिकाभाऊच्या दारात उभे. दार वाजवलं. मग काकीकडे वळून, नाव घेऊन विचारलं, प्रज्ञा आहे का?

काकीनं विचारलं, काय काम आहे. तो म्हणाला, ते सांगता येणार नाही. कुठून आलात? तेही सांगता येणार नाही. त्यांचा नियमच तसा असतो म्हणे, बाहेरच्या कोणाला काही सांगायचं नाही, खेळाडूला आधी फोनही करायचा नाही. पण आमच्या गल्लीचाही एक नियम आहे. पहाटेच्या प्रहरी अनोळखी पुरुष तरण्या पोरीचं नाव घेऊन दारात उभा राहिला आणि काम सांगेना, तर पोर घरात असली तरी नसते. हे काकीला कोणी शिकवावं लागलं नाही. चाळीस वर्षांचं व्रत तिनं एका दमात मोडलं.

"ती नही शे घर. बठ्ठा शिंदखेडाले लगीनले गयात. ती बी गयी."

इतकं सफाईदार खोटं मी दुकानात बसून आयुष्यभरात बोललो नसेन. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, कागदावर काही लिहिलं, थोडा वेळ दारात घुटमळले आणि स्टेशनकडे निघून गेले. काकी म्हणते, पंधरा मिनिटं. त्यांचा कागद म्हणतो, तास संपेपर्यंत.

साडेसहाला प्रज्ञा केस बांधत खाली आली. काकीनं हसत हसत सांगितलं, दोघं आले होते तुला शोधत, अशी वाटेला लावली त्यांना! काकीला वाटलं, पोर गळ्यात पडेल. पोर जिन्याच्या पायरीवर बसली. मग उठून अनवाणी पळत सुटली, स्टेशन, बसस्टँड, परत स्टेशन. मी तेव्हा दुकानाचं शटर वर करत होतो. "कुंदनभाऊ, पेटीवाले दोघं दिसले का?" तिचा आवाज मला ओळखू आला नाही. फॉर्मवरच्या नंबराला फोन लावला, रविवार, कोणी उचलला नाही. भागाबाईचा तिकडून फोनवर फोन. शेवटी ती सायकल काढून लग्नाला गेली, कारण आणखी करायचं काय? तिथं नवरीशेजारी उभी राहून तिनं फोटोही काढला. तो फोटो पुढं तिच्यावरच उलटला.

चौकशी हिवाळ्यात झाली, मोबाइलवर. माझ्याच दुकानात, काउंटरवर ट्यूबच्या डब्याला फोन टेकवून. एका बाजूला प्रज्ञा, एका बाजूला काकी. काकीनं डोक्यावरचा पदर चारदा सारखा केला. पडद्यावर तिघं जण, सभ्य माणसं, आवाजही चढवत नव्हते. काकीनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी मराठीत सांगत होतो.

त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही अधिकाऱ्यांशी खोटं बोललात?"

"हां," काकी म्हणाली.

"मग आज खरं बोलताय हे आम्ही कशावरून मानायचं?"

काकीला आयुष्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर माझ्या गल्ल्यात ठेवलंय. मला त्या बाईंचा इतका राग आला की फोन उचलून गटारात टाकावा असं वाटलं. आणि खरं सांगू? प्रश्न चूक नव्हता. तिसऱ्या कोणी, लांबून, आम्हाला न ओळखता, दुसरं काय विचारावं?

मग काकी फोनकडे वळून म्हणाली, "मनं नका माना. पोर समोर बठेल शे. तिले आते तपासा."

माझं मानू नका, पोरीलाच आता तपासा, हे मी मराठीत सांगितलं. आता तपासून उपयोग नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग त्यांनी लग्नाचा फोटो दाखवला. कुटुंब शिंदखेड्यात होतं, मुलगी शिंदखेड्यात होती, शेजारीण त्या वेळी तेच म्हणाली होती, सगळं जुळतं. मोबाइलचा टॉवर बघा म्हटलं, तर म्हणाले, फोन घरी ठेवून माणूस गावाला जाऊ शकतो. दोन वर्षांची बंदी. पुण्याच्या संघानं आठवड्यात करार मोडला.

पेपरात आलं, "दोंडाईचाची सायकलपटू डोपिंगमध्ये दोषी." फॉर्म, तास, बेल यातलं एक अक्षर नाही. गल्लीनं अर्थ लावला, पोरगी सुया टोचून घ्यायची. रुपचंद, समोरच्या घरातला, तोंडाला कुलूप नसलेला माणूस, एकदा ओट्यासमोर थांबून म्हणाला, "काकी, त्या बाटलीत काय घालत होतीस गं?" गंमत केली त्यानं. काकीनं त्या दिवशी ती बाटली घासून, पुसून माळ्यावर ठेवली.

आता माझं सांगतो, नाहीतर काकीच्या पुतण्यानं लिहिलं म्हणायला तोंड राहणार नाही. निकालानंतर प्रज्ञा सायकल घेऊन दुकानात आली, "सांभाळा काही दिवस" म्हणाली. मी शटर अर्धं ओढलं आणि विचारलं, "घेतलं नव्हतंस ना काही? मला तरी सांग." ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. बारा वर्षं जिची चाकं मी सरळ केली तिला मी हे विचारलं. मग सायकल भिंतीला टेकवून गेली. दुसऱ्या दिवशी यावलला मावशीकडे निघून गेली, केळीच्या पॅकिंगवर कामाला.

काकीनं तिला एकदाही हे विचारलं नाही. तिला विचारावंसंच वाटलं नाही.

मग गल्लीतल्या पहाटा सुन्या झाल्या. काकी ओट्यावर बसायची तशीच, पण तिचा कान गल्लीच्या तोंडाशी असायचा. दूधवाल्याची जुनी सायकल आली की ती मान वर करायची, आणि मग ओळखायची की हा आवाज तो नाही. मला एकदा म्हणाली, "कुंदन, ती सायकल तू रोज थोडी फिरवत जा ना. नुसतं चाक." मी हो म्हणालो आणि फिरवली नाही. मला तो आवाज सहन होत नव्हता.

भाद्रपदात संवत्सरी झाली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो, वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल त्यांची. आता तर लोक मोबाइलवरच दोनशे जणांना एकदम पाठवून मोकळे होतात, मीही त्यातलाच. काकीनं उपास सोडला आणि म्हणाली, मला यावलला ने. शिरपूर, चोपडा करत, दोन गाड्या बदलत, साठी उलटलेली ती बाई केळीच्या पॅकिंगच्या शेडपर्यंत पोहोचली. प्रज्ञा डोक्याला रुमाल बांधून खोकी मोजत होती. काकीनं तिच्यापुढं हात जोडले. "मिच्छामि दुक्कडं."

प्रज्ञानं तिचे हात धरून खाली केले. पण धरलेले हात तिनं लगेच सोडलेही.

"अक्का, माले लपनं नव्हतं," ती म्हणाली. "माले तपासी लेनं व्हतं. मी त्यासनी वाट देखी ऱ्हायंती. आते कोणले काय दखाडू?"

एवढं बोलून ती पुन्हा खोकी मोजायला वळली. मोजणी चुकली म्हणून पहिल्यापासून सुरू केली. परतीच्या गाडीत चोपडा आल्यावर काकी म्हणाली, "बरोबर शे तिनं." क्षमा मागणं आपल्या हातात, मिळणं दुसऱ्याच्या. पुढच्या संवत्सरीला ती पुन्हा गेली. त्या वेळी प्रज्ञानं चहा दिला, बिनसाखरेचा, कारण काकीला साखर झालीय हे तिला भागाबाईकडून कळलं होतं. सूर्यास्ताआधी काकी घरी पोहोचली पाहिजे म्हणून तिनं स्वतः स्टँडवर येऊन गाडीत बसवलं. क्षमेचा शब्द त्याही वर्षी निघाला नाही.

गेली दिवाळी झाली आणि एका दुपारी ती माझ्या दुकानात उभी राहिली. वजन थोडं वाढलेलं, डोळ्यांखाली काळं. "सायकल आहे ना कुंदनभाऊ?" मी ती आतून काढून आणली. बंदी संपायला थोडे महिने उरले होते. परत शर्यतीत यायचं तर आधीपासून पुन्हा तो फॉर्म भरावा लागतो. तिला पंचवीस पूर्ण झालीत, पुण्याचा संघ पुन्हा घेईल याचा भरवसा नाही, पण ती म्हणाली, "एकदा तरी कोणीतरी यावं आणि माझी तपासणी करावी. मग हरले तरी चालेल." मी त्या जुन्या प्रश्नाबद्दल माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "आधी चेन बघा, गंजलीय."

मी चेनला तेल सोडत होतो आणि ती माझ्या काउंटरवर मोबाइलवर फॉर्म भरत होती. पत्ता दोंडाईचा, तास साडेपाच ते साडेसहा. शेवटी एक रिकामी चौकट असते, घर सापडायला आणखी काही सांगायचं असेल तर. तिनं बराच वेळ विचार करून तिथं इंग्रजीत काही लिहिलं. मग फोन माझ्याकडे वळवला, "बघा, बरोबर आहे का?"

मी वाचलं. बेल वाजली नाही तर शेजारच्या राजकुंवरबाईंना विचारा. त्या खरं सांगतात.

मला चष्मा पुसावा लागला. संध्याकाळी मी ते काकीला मराठीत वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग माळ्यावरची बाटली काढायला मला स्टुलावर चढवलं.

तेव्हापासून काकी पाचलाच ओट्यावर असते, सामायिक त्याआधी आटोपते. साडेसहापर्यंत पाण्यालाही उठत नाही. सहा महिने होत आले, अजून कोणी आलेलं नाही. प्रज्ञा म्हणते, येतीलच असं नसतं अक्का, वर्षभरही येत नाहीत. काकी म्हणते, "येतीन."

परवा मी सुतळी आणायला लवकर निघालो होतो. सहाला दहा कमी असतील. सुरतेकडून येणारी गाडी नुकतीच स्टेशनात लागली होती. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस आणि एक बाई आले, हातात मोठी बॅग, घरांवरचे नंबर वाचत. माणूस ओट्याजवळ येऊन "मावशी" एवढंच म्हणाला, आणि काकी उठून उभी राहिली. पदर घसरला तेही तिला कळलं नाही. तिनं त्याच्या बॅगेचा बंद दोन्ही हातांनी धरला.

"शे! घर शे पोर! वर गच्चीवर शे. तुम्ही जाऊ नका, थांबा." आणि ते आले, आले म्हणून वर तोंड करून ओरडली, "प्रज्ञा, उनात वं! उनात!"

प्रज्ञा दोन-दोन पायऱ्या उतरत आली, एका पायात चप्पल. तो माणूस घाबरून बॅग सोडवत होता. "मावशी, आम्हाला रुपचंदजींचं घर पाहिजे होतं. साखरपुड्याला आलोय."

काकीनं बंद सोडला. समोरच्या घराकडे बोट केलं. ते दोघं मागं वळून वळून बघत तिकडे गेले.

प्रज्ञा तिथंच उभी होती. मग ती ओट्यावर बसली, काकीचा हात धरून तिला शेजारी बसवलं, आणि या वेळी तो हात तिनं सोडला नाही. साडेसहा वाजायला अजून चाळीस मिनिटं होती.